प्रोजेक्ट विकत मिळतोय, वाचून दाखवायला माणूस मिळत नाही

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी एम.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी घरी आली. समाजशास्त्राची. निलंगा तालुक्यातलं गाव, लातुरात खोली करून राहते. हातात स्पायरल बाइंडिंग केलेला प्रोजेक्ट. म्हणाली, "सर, एकदा नजरेखालून घाला फक्त. परवा जमा करायचाय."

पहिलं पान उघडलं. पहिलं वाक्य : भारत हा कृषिप्रधान देश आहे.

हे वाक्य मी आजवर किती प्रोजेक्टमध्ये वाचलं त्याची गिनती नाही. विषय बचत गटाचा असो, बालविवाहाचा असो की मोबाईलच्या वापराचा, देश कृषिप्रधान असल्याशिवाय आमचं संशोधन सुरूच होत नाही. पुढं गेलो. नवव्या पानावर लिहिलेलं, की सदर संशोधनासाठी सोलापूर जिल्ह्यातील तीन गावांची निवड करण्यात आली आहे. विचारलं, "अगं, तू सोलापूर जिल्ह्यात कधी गेलीस?" ती गप्प. मग खाली बघत म्हणाली, "सर, झेरॉक्सवाल्याकडून घेतला. अडीच हजारात."

मी रागावलो नाही. खरं सांगायचं तर रागवायचा हक्क आपल्याला आहे का, याचीच शंका आली. विषय होता ग्रामीण भागातली पाणीटंचाई आणि स्त्रिया. मी फाईल मिटली आणि विचारलं, तुझ्या गावात पाण्याचं कसं होतं ते सांग. आणि पोरगी बोलायला लागली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती शाळेत होती. ते पाणी लातूर शहराला. तिच्या गावाला टँकर. टँकरपुढं घागरी मांडून नंबर धरायचा. आई शेतात, म्हणून नंबर धरायचं काम हिचं. भाऊ शाळेत जायचा आणि ही घागरीपाशी बसायची, म्हणून त्या वर्षी तिचं गणित मागं पडलं ते पडलंच. नंबरावरून कोणत्या दोन घरांत भांडण झालं, कोणाच्या घागरी वेगळ्या रांगेत ठेवाव्या लागायच्या, हेही तिनं सांगितलं. वीस मिनिटं न थांबता बोलली.

मी म्हणालो, "हेच लिही की."

तिनं मला विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. "सर, हे लिहिलेलं चालतंय का?"

म्हणजे पंधरा-सोळा वर्षं शिकून, पदवी हातात घेऊन, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आलेल्या मुलीला आपण जगलेलं, पाहिलेलं, मोजलेलं कागदावर लिहिलेलं चालतं हे कुणी सांगितलेलं नाही. तिच्या लिहिलेल्या चार ओळी समोर घेऊन कुणी बसलेलंच नाही.

आता कुणी म्हणेल, हे तर कायमचंच आहे. नाही, आता ते वाढलंय. नवीन शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून राज्यात एम.ए.ला पहिल्याच वर्षी संशोधन पद्धतीचा पेपर आला आणि दुसऱ्या वर्षी प्रकल्प, तिसऱ्या सत्रात 4 क्रेडिट आणि चौथ्यात 6. पूर्वी ज्याला लिहायची हौस होती तो एम.फिल., पीएच.डी. करायचा. आता प्रत्येकाला लिहावंच लागतंय. धोरण म्हणून मला हे पटतं. लिहिल्याशिवाय माणूस विचार करायला शिकत नाही. पण लिहायला लावलं सगळ्यांना आणि लिहायला शिकवायला ठेवलं कुणाला? अर्ध्याअधिक विभागांत आमच्यासारखे तासिका तत्त्वावरचे. मी नऊ वर्षं तासिकेवर शिकवतोय. तास झाला की त्या तासाचे पैसे. विद्यार्थ्यांसोबत बसून त्याच्या प्रकरणावर अर्धा तास बोललो तर तो अर्धा तास कुठल्याच रजिस्टरला नाही. कायम असलेल्या प्राध्यापकांकडं नॅक, परीक्षा, समित्या, ऑनलाइन माहिती भरणं. त्यांनाही सरसकट दोष देता येत नाही. मग ही रिकामी जागा कोण भरणार? झेरॉक्सवाला भरतोय. त्याला बिचाऱ्याला धंदा कळतो.

जगात या रिकाम्या जागेवर एक साधी सोय केलेली आहे. तिकडं तिला रायटिंग सेंटर म्हणतात, आपण लेखन मदत कक्ष म्हणू. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठानं 1976 मध्ये असा कक्ष काढला आणि 1994 मध्ये त्याचा मजकूर इंटरनेटवर टाकला. आपल्याकडं पीएच.डी. करणारी कितीतरी पोरं संदर्भ कसे द्यायचे ते आजही त्याच साईटवर बघतात. (1994 हेच आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचंही जन्मवर्ष. 17 सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. त्यांचं घुबड आणि आपलं विद्यापीठ एकाच वयाचं, असं मी वर्गात सांगतो. पोरं हसतात, मला मात्र हसू येत नाही.) आपल्या देशातही अशोका विद्यापीठासारख्या ठिकाणी असं केंद्र आहे. पण तिथली फी आणि आपल्या पोरांच्या घरचं उत्पन्न यांचा काही मेळ नाही, म्हणून ते उदाहरण सोडून देऊ.

कक्षाचं काम समजायला सोपं आहे. विद्यार्थी आपला कच्चा मसुदा घेऊन येतो. समोर पुढच्या वर्गातला, एम.ए. झालेला किंवा पीएच.डी. करणारा विद्यार्थी बसलेला. तो मसुदा मोठ्यानं वाचायला लावतो. विचारतो, इथं तुला काय म्हणायचंय? हे तुला कुठून कळलं? हे वाक्य तुझं आहे का? पेन मात्र मदतनिसाच्या हातात नसतं. लिहायचं ते आलेल्यानंच लिहायचं. पाऊण तास झाला की उठायचं आणि पुढच्या आठवड्यात परत यायचं. इमारत लागत नाही, उद्घाटन लागत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक वही.

आणि तिकडं त्या दुसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्याला पगार असतो. मला जे बोलायचंय ते इथून पुढं आहे.

आपल्याकडं शिकता शिकता काम करण्याची परंपरा कुणाकडून उसनी आणायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात वसतिगृह. पोरांनी शेतात राबायचं, दगड फोडायचे, स्वयंपाक करायचा आणि शिकायचं. 'कमवा आणि शिका' हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक गरीब घराला माहीत झाला तो तिथून. पुणे विद्यापीठात तर ही योजना कर्मवीरांच्याच नावानं चालते. आपल्या विद्यापीठांत, महाविद्यालयांतही ती आहे.

मीही त्या योजनेत होतो. कुठल्या कॉलेजात ते सोडा. रोज दोन तास. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायचे, रॅक पुसायचे, आठवड्यातून दोनदा झाडांना पाणी. महिन्याकाठी जे काही मिळायचं त्यात मेसचा अर्धा खर्च निघायचा. त्या पैशाला मी कधी कमी लेखणार नाही. पण रात्री होस्टेलवर माझा दुसरा धंदा चालायचा. ज्युनिअर पोरं शिष्यवृत्तीचे अर्ज, निबंध, सेमिनारचे पेपर घेऊन यायची. एकजण अर्जात लिहायचा, 'माझी परिस्थिती हालाखीची असून'. मी म्हणायचो, हलाखीची म्हणजे किती? जमीन किती, घरात खाणारी तोंडं किती, ते लिही. या कामाचा दर एक चहा. कधी तोही नाही. आज मागं वळून बघताना कळतं, की मी शिकवायला शिकलो ते त्या खोलीत. शिक्के मारायला पैसे मिळाले, शिकवायला चहा मिळाला. योजनेच्या कागदावर पहिलं काम 'काम' होतं आणि दुसरं कुठंच नव्हतं.

म्हणून माझी मागणी नवी नाही, खर्चिक तर अजिबात नाही. कमवा आणि शिका योजनेत जशी बाग आहे, ग्रंथालय आहे, कार्यालय आहे, तसं लेखन मदतीचं एक टेबल घाला. त्यावर बसणाऱ्या एम.ए. दुसऱ्या वर्षाच्या आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला तासाचे पैसे द्या.

नियमाचा आधार हवा असेल तर तोही आहे. यूजीसीचे पीएच.डी.बाबतचे नोव्हेंबर 2022 चे नियम काढून बघा. त्यात लिहिलंय, की शाखा कोणतीही असो, पीएच.डी. करणाऱ्यानं आपल्या विषयातलं अध्यापन आणि लेखन याचं प्रशिक्षण घ्यायचं. शिवाय त्याला आठवड्याला 4 ते 6 तास सहायक म्हणून काम देता येईल. म्हणजे दार उघडं आहे. फक्त त्या वाक्यात पैशाचा शब्द नाही. आणि आपल्याकडं पैशाचा शब्द नसला की त्याचा अर्थ काय होतो, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

माझ्या पीएच.डी.च्या काळात मी गुणपत्रकं भरली, पर्यवेक्षण केलं, चर्चासत्रांच्या बॅगा वाटल्या, पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं. फेलोशिप नव्हती. एक रुपया मिळाला नाही आणि नाही म्हणायची सोय नव्हती, कारण सहीचा कागद त्याच टेबलावर होता. हे माझ्या एकट्याचं नाही. ज्याला नेट-जेआरएफ आहे त्याला 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये. चांगलं आहे, मिळालेच पाहिजेत. ज्याला जेआरएफ नाही आणि विद्यापीठ केंद्रीय नाही, त्याचं काय? केंद्रीय विद्यापीठातल्या बिगर-नेट विद्यार्थ्याला 8,000 तरी मिळतात. ते बंद करायचा घाट घातला तेव्हा 2015 मध्ये दिल्लीत पोरं यूजीसीच्या दारात बसली. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी किती वेळा पोरांना उपोषणाला बसावं लागलं ते तुम्ही पाहिलंय. ज्यांना यातलं काहीच नाही ते सकाळी ट्यूशन एरियात वह्या तपासतात, दुपारी ग्रंथालयात आणि रात्री लग्नाच्या कॅटरिंगला. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, कुठंही जा, हेच.

तेव्हा 4 ते 6 तासांचं काम 'प्रशिक्षण' म्हणून फुकट करून घेणार असाल तर हा लेख मी मागं घेतो. फुकटच्या खुर्चीवर कोण बसू शकतं? ज्याच्या घरून पैसे येतात तो. ज्याला रोज संध्याकाळी कमवावं लागतं तो येणारच नाही, आणि नेमका तोच त्या निलंग्याच्या पोरीला समजून घेऊ शकला असता. एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे 4 क्रेडिट आहेत. हे काम त्यात बसवता येईल असं एका मित्रानं सुचवलं. बसवा ना. पण क्रेडिट पण द्या आणि पैसे पण द्या. क्रेडिटवर मेसवाला जेवू घालत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्या दळभद्रेपणाचाही नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातले जवळपास 48,000 लोक संपावर गेले. त्यात शिकवणी घेणारे, पेपर तपासणारे, संशोधन सहायक, सगळे होते. बहुतेक विद्यार्थीच. म्हणणं एकच, आम्ही शिकतोय हे खरं, पण आम्ही कामही करतोय. 2016 मध्ये तिथल्या कामगार मंडळानं कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात हेच मान्य केलं होतं, की विद्यार्थी-सहायक हा कर्मचारीही आहे. श्रीमंत विद्यापीठांतही हे भांडूनच मिळतं.

पैशाचा हिशेब मी कागदावर मांडून बघितला. दर माझ्या अंदाजानं धरलाय, कमी वाटला तर वाढवा. सहा मदतनीस, प्रत्येकी आठवड्याला सहा तास, तासाला 150 रुपये. आठवड्याचे 5,400. वर्षात शिकवणीचे तीस आठवडे धरले तर 1,62,000 रुपये. पाऊण तासाची एक बैठक म्हटली तर आठवड्याला 48 बैठका, वर्षाला 1,440. एका बैठकीला साधारण 113 रुपये. मुलीनं झेरॉक्सवाल्याला दिलेल्या अडीच हजारांत बावीस बैठका झाल्या असत्या. कुठल्याही मोठ्या महाविद्यालयानं वर्षभरातला फ्लेक्स, हारतुरे, शाली आणि मंडपाचा खर्च एका कागदावर मांडावा. मला आकडा सांगू नका, स्वतःच बघा.

आता एआय. परवा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला सुनावलं, "आता चॅटजीपीटी आलंय, तुमचे कक्ष कोण विचारतंय?" सर, त्याच्यामुळंच तर विचारायला पाहिजे. मशीनला विचारलं की तेही म्हणतं भारत कृषिप्रधान देश आहे, फक्त व्याकरण शुद्ध असतं. घागरीच्या रांगेचं त्याला माहीत नाही. ते फक्त त्या पोरीला माहीत आहे, आणि तिला कुणीतरी विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही. चोरी पकडायचं सॉफ्टवेअर आहे म्हणाल तर तेही आहे. 2018 च्या नियमानं दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, साठच्या वर गेलं की नोंदणी रद्द. पण हे प्रबंधाला. एम.ए.चे प्रोजेक्ट कोण तपासतंय? आणि जुन्या फाँटमध्ये टाईप केलेलं मराठी तर त्या यंत्राला मराठी म्हणून वाचताच येत नाही. पकडणं हा शेवटचा उपाय. लिहायला शिकवणं हा पहिला, तो आपण केलाच नाही.

आणि भाषेचं. यावर जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण हीच आहे आणि तिच्यावर कुणी बोलत नाही.

आमच्याकडं लातूर-औशाला 'काय करलालेत' म्हणतात, नांदेडकडं 'काय करायलेत'. पोरगं घरात असं बोलतं, गल्लीत असं बोलतं. तांड्यावरच्या पोराची तर घरची भाषा गोरमाटी, मराठी त्याला शाळेत भेटलेली. देगलूर, उदगीरच्या पट्ट्यात कुणाच्या घरात कानडी, कुणाच्या तेलुगू. शहरातल्या मोहल्ल्यात उर्दू. ही सगळी पोरं एम.ए.ला एका बाकावर. ती लिहायला बसली की पहिली भीती, आपलं चुकतंय. वर्गात कधीतरी कुणी 'न' आणि 'ण' वरून हसलेलं असतं. ते एकदाच हसलेलं असतं, पण पोरगं पुढची दहा वर्षं तोंड उघडत नाही. मग ते काय करतं? ज्यात चूक निघणार नाही असं वाक्य शोधतं. छापील वाक्य. 'सदर संशोधनातून असे निदर्शनास येते की.' कॉपी करणारी सगळी पोरं आळशी नसतात हो. निम्मी घाबरलेली असतात.

इथं प्रमाण मराठी शिकवू नका असं मी म्हणत नाही. शिकवायलाच पाहिजे, त्याशिवाय स्पर्धा परीक्षा नाही, नोकरी नाही. पण आधी त्याला आपल्या बोलीत सांगू द्या, मग दोघांनी मिळून त्याचं लेखी मराठी करायचं. हे काम पुण्याहून आलेला तज्ज्ञ एका दिवसाच्या कार्यशाळेत करू शकत नाही. ते त्याच तालुक्यातली, तीन वर्षं पुढं असलेली ताई करू शकते. तिला माहीत असतं की 'करलालेत'चं 'करत आहेत' होतं आणि 'मी घाबरलो'चं 'भीती व्यक्त करण्यात आली' करायची काही गरज नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्या निधीतून अभिजात ग्रंथांवर काम व्हावंच. त्यासोबत उदगीरच्या एखाद्या कॉलेजात असं एक टेबल निघालं तर तेही मराठीचंच काम आहे.

काही अटी मात्र सुरुवातीलाच ठरवल्या पाहिजेत, नाहीतर वाट लागायला सहा महिने पुरतात. मदतनिसाची निवड त्याच्या गाईडनं करायची नाही आणि त्याच्या हजेरीवर गाईडची सही नको. पैसे थेट खात्यात आणि त्याच महिन्यात. वर्षाच्या शेवटी एकरकमी म्हणाल तर गरीब पोरगं दुसऱ्याच महिन्यात सोडून जाईल. त्या टेबलावरून विभागाची दुसरी कामं द्यायची नाहीत, स्टेशनवरून पाहुणे आणायचं तर नाहीच. आणि मदतनिसानं कुणाचं लिहून दिलं असं सापडलं तर त्याच दिवशी काम बंद. नाहीतर झेरॉक्सवाल्याचं दुकान आपण सरकारी खर्चानं थाटलं असं होईल.

मोठ्या घोषणेची वाट बघायची गरज नाही. विद्यापीठाच्या लातूर उपपरिसरात किंवा शहरातल्या एखाद्या जुन्या महाविद्यालयात एका सत्रापुरतं करून बघा. दोन मदतनीस घ्या. किती पोरं आली, किती परत आली, तेवढं वहीत लिहा. नाही आली कुणी तर बंद करा, मी जाहीर माफी मागीन. अधिसभेवर निवडून गेलेले पदवीधर प्रतिनिधी, विद्यार्थी संघटनांची पोरं यादीत आहेत माझ्या. परीक्षा पुढं ढकलायची निवेदनं तुम्ही देता, एक निवेदन याचंही द्या. मसुदा मी लिहून देतो. नाही, चुकलो, तुम्ही लिहा, मी वाचून देतो.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिनं विभागप्रमुखांना भेटून पंधरा दिवस मागून घेतले, ते त्यांनी दिले. अडीच हजार गेले ते गेलेच. गावात जाऊन तिनं अकरा बायकांशी बोलून आणलं, त्यात तिची आईही आहे. आईची मुलाखत संशोधनात चालते का, असं विचारत होती. चालते म्हणालो, पण ती आई आहे हे लिहायचं. नवा मसुदा परवा हातात आला. चौदा पानं, हातानं लिहिलेली, ऱ्हस्व-दीर्घाच्या भरपूर चुका. पहिलं वाक्य टँकरच्या हॉर्नचं आहे.

शनिवारी चार वाजता ती परत येणार आहे. सोबत तिच्या खोलीवरच्या आणखी तिघी येणार आहेत म्हणे. मला फक्त एक खुर्ची शेजाऱ्यांकडून आणावी लागेल.